दृष्टी आणि श्रवण दोन्ही क्षीण झालेल्या व्यक्तीला सोबत कशी करावी

ज्या व्यक्तीची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही क्षीण झालेली असतात तिला बधिरांध म्हणतात. या शब्दाने डोळ्यांपुढे संपूर्ण अंधार आणि संपूर्ण शांतता उभी राहते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक बधिरांध व्यक्तींना थोडे दिसते, थोडे ऐकू येते, किंवा दोन्ही थोडेथोडे शिल्लक असते. खरी अडचण किती उरले आहे यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्याला ऐकू येत नाही तो डोळ्यांनी भरपाई करतो आणि ज्याला दिसत नाही तो कानांवर विसंबतो. दोन्ही इंद्रिये अधू झाली की भरपाईचा हा मार्गच बंद होतो. त्यामुळे अंधांसाठीची बोलणारी उपकरणे किंवा कर्णबधिरांसाठीची सांकेतिक भाषा जशीच्या तशी पुढे केली, तर तिचा उपयोग अर्धाच होतो आणि कधीकधी मुळीच होत नाही.

वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफब्लाइंड या जागतिक संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के लोक कमीअधिक तीव्रतेने बधिरांध असल्याचा अंदाज दिला आहे. खालचा आकडा धरला तरी दहा हजारांच्या वस्तीत वीसएक माणसे होतात. ती आपल्याला दिसत नाहीत याचे कारण ती बाहेर पडत नाहीत, आणि बाहेर न पडण्याचे कारण पुष्कळदा शारीरिक असमर्थता नसून बाहेर त्यांच्याशी बोलू शकणारे कोणी नसते हे असते.

पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डोळे आणि कान ही दुरून माहिती आणणारी इंद्रिये आहेत, तर स्पर्श हाताच्या टप्प्यापलीकडे पोहोचत नाही. खोलीत कोण आले, कोण गेले, समोरचा हसला की रागावला, चहा आला की नुसतीच चर्चा झाली, यातले काहीच बधिरांध व्यक्तीपर्यंत आपोआप जात नाही. तिच्या दृष्टीने माणसे एकाएकी उगवतात आणि एकाएकी नाहीशी होतात. म्हणून सोबत करणाऱ्याचे मुख्य काम माहिती पोहोचवणे हे आहे. त्या माहितीवरून काय ठरवायचे ते त्या व्यक्तीने ठरवावे.

पहिली ओळख होण्यापूर्वी

बधिरांधत्व केव्हा आणि कसे आले यावर संवादाची पद्धत बरीचशी ठरते. जन्मतः बहिरी असलेली व्यक्ती सांकेतिक भाषेत वाढलेली असते आणि दृष्टी गेल्यावरही तिला तीच भाषा हातांच्या स्पर्शातून हवी असते. जन्मतः अंध व्यक्तीला ऐकू येईनासे झाले तर तिच्याजवळ ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची सहा ठिपक्यांची लिपी, आणि बोली भाषा असते. उतारवयात दोन्ही गमावणाऱ्याजवळ सगळे आयुष्य बोलण्यात गेलेले असते आणि नवी लिपी शिकण्याची उमेद असतेच असे नाही. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात जन्मापासून किंवा लहानपणापासून ऐकू कमी येते आणि पुढे दृष्टिपटलाच्या ऱ्हासामुळे आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग दृष्टीचा घेर बाहेरून आत आकसत जातो. अशा माणसाला समोरच्या पुस्तकातले बारीक अक्षर वाचता येते आणि त्याच वेळी पायाशी ठेवलेले स्टूल दिसत नाही. ‘याला तर सगळे दिसते, सोंग करतो’ हा आरोप अशा माणसांना फार वेळा ऐकावा लागतो, आणि तो निव्वळ अज्ञानातून येतो.

म्हणून तर्क लढवण्यापेक्षा विचारून घ्यावे. कोणत्या कानाने बरे ऐकू येते, उजेड कोणत्या बाजूने असलेला चालतो, किती अंतरावर उभे राहिले तर चेहरा किंवा हात दिसतात, लिहिलेले वाचता येत असल्यास अक्षर केवढे हवे, आणि स्पर्श केलेला चालेल का, या पाच गोष्टी कळल्या की निम्मे काम होते. उत्तरे दिवसानुसार बदलू शकतात. दुपारी लख्ख उजेडात ओठांची हालचाल ओळखणारी व्यक्ती संध्याकाळी पूर्णपणे हाताच्या स्पर्शावर येते, तेव्हा एकदा विचारले म्हणजे संपले असे होत नाही.

जवळ जाणे आणि निरोप घेणे

शक्य असेल तर समोरून जावे, म्हणजे जी काही दृष्टी असेल तिला हालचाल टिपता येते. जवळ गेल्यावर खांद्यावर किंवा दंडावर हात अलगद पण ठामपणे ठेवावा आणि तो तिथेच राहू द्यावा. हलकेच टोचून हात काढून घेतला तर कोण होते, कुठे गेले, काहीच समजत नाही. व्यक्ती काही लिहीत किंवा जेवत असेल, तर तिचे हातातले काम थांबेपर्यंत तो हात तसाच ठेवून थांबावे. तिचे लक्ष आपल्याकडे वळल्याचे जाणवले की हात खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर असा न उचलता सरकवत आणावा आणि आपला तळहात तिच्या हाताखाली द्यावा. तिचा हात वर आणि आपला खाली असला की हात काढून घेण्याची मोकळीक तिच्याकडे राहते. तिचे मनगट पकडून हात ओढणे म्हणजे बोलत्या माणसाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे, कारण तेच हात तिचे वाचा आणि कान आहेत.

त्यानंतर सर्वांत आधी आपण कोण ते सांगावे. ‘ओळखलेत का?’ हा खेळ खेळू नये. नेहमीच्या माणसांनी स्वतःसाठी एक ठरावीक खूण योजावी, जसे हातातले कडे, घड्याळ किंवा तळहातावर दोनदा काढलेला गोल, आणि ती दर वेळी तीच ठेवावी. सतत अत्तर बदलणाऱ्याने वासावरून ओळख होण्याची आशा सोडलेली बरी.

निघतानाही हेच उलट क्रमाने करावे. मी आता जातो, पाच मिनिटांनी परत येईन, किंवा आज परत येणार नाही, हे स्पष्ट सांगावे. कोणी न सांगता उठून गेले की ती व्यक्ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते, आणि हा प्रसंग कोणावरही एकदा आला की ती पुढच्या वेळी बोलायलाच कचरते. मोकळ्या जागेत मधोमध उभे करून तर कधीही जाऊ नये. भिंत, टेबल किंवा खुर्चीची पाठ हाताला लागेल अशा जागी नेऊन मगच निरोप घ्यावा.

बोलण्याच्या पद्धती

ज्यांना थोडे ऐकू येते त्यांच्याशी बोलताना ओरडू नये. आवाज चढवला की शब्दांचा आकार बिघडतो आणि श्रवणयंत्रातून तो कर्कश होऊन पोहोचतो. पंखा, दूरदर्शन, शेजारच्या गप्पा यांचा गोंगाट आधी कमी करावा, एक ते दीड मीटरच्या अंतरात यावे, वाक्ये पूर्ण पण आटोपशीर ठेवावीत, आणि न कळल्यास तेच वाक्य तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. विषय बदलला की तसे आधी सांगावे. ऐकू कमी येणारा माणूस निम्मे शब्द संदर्भावरून भरून काढत असतो आणि संदर्भ बदलल्याचे कळले नाही तर सगळेच चुकते.

ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडावा, पाठीमागे खिडकी नसावी. अंगावरचा कपडा एकरंगी आणि हातांच्या रंगाशी विरोध साधणारा असेल तर खुणा उठून दिसतात. पट्ट्यापट्ट्यांच्या किंवा फुलाफुलांच्या कपड्यावर त्या हरवतात. दृष्टीचा घेर अरुंद झालेल्या माणसाशी सांकेतिक भाषेत बोलताना हात छातीजवळ लहानशा चौकटीत ठेवावेत आणि जवळ येण्याऐवजी थोडे दूर उभे राहावे, कारण नळीतून पाहणाऱ्याला दूरचे चित्र अधिक भरलेले दिसते. उलट ज्याची मधली दृष्टी गेली आहे त्याच्याजवळ यावे लागते. दोन्हींना एकच नियम लावता येत नाही.

हातावर बोलण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतली सर्वांत सोपी कोणालाही आज शिकता येते: तळहातावर बोटाने अक्षरे लिहिणे. आपण त्या व्यक्तीच्या शेजारी, तिच्याच दिशेने तोंड करून बसावे, म्हणजे अक्षर उलटे पडत नाही. तिचा तळहात आपल्या डाव्या हातावर टेकवून उजव्या हाताच्या तर्जनीने एकेक अक्षर पूर्ण तळहातभर, आधीच्या अक्षराच्याच जागी लिहावे. पुढे पुढे सरकत ओळ लिहू नये. देवनागरी लिहिताना शिरोरेघ गाळली तर वेग येतो आणि अक्षराचा आकारही स्पष्ट राहतो. काना, मात्रा, वेलांटी मात्र अक्षराला जोडूनच आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने काढावी. जोडाक्षर फोडून लिहायचे की नाही ते दोघांनी आधी ठरवून घ्यावे. शब्द संपला की क्षणभर थांबावे आणि चुकले तर तळहातावरून आपला हात सपाट फिरवून पुसल्याची खूण करावी. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते. पण आठवड्याभरात दोघांचे संक्षेप तयार होतात, आणि सवय झालेली व्यक्ती शब्द पूर्ण होण्याआधीच मान हलवू लागते.

याहून वेगवान पद्धती ठरावीक लिपींच्या आहेत. ऑस्ट्रियन लेखक हिएरोनिमुस लॉर्म यांना स्वतःला ऐकू येईनासे झाले आणि पुढे दृष्टीही गेली. त्यांनी १८८१ साली तयार केलेल्या स्पर्शलिपीत रोमन लिपीतले पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर आहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत क्रमाने, आणि बाकीची अक्षरे बोटांवरून ओढलेल्या रेषा व तळहातावरचे टिपके यांनी दाखवली जातात. जर्मन भाषक प्रदेशात ती आजही वापरात आहे. जपानमध्ये सातोशी फुकुशिमा या तरुणाला, बालपणी दृष्टी गेलेली असताना, १९८१ साली ऐकू येणेही बंद झाले, तेव्हा त्यांच्या आईने ब्रेल टंकयंत्राच्या सहा कळांच्या जागी मुलाची सहा बोटे वापरून थेट बोटांवर ब्रेल ठोकायला सुरुवात केली. ही बोटांची ब्रेल आज तिथे प्रचलित आहे आणि फुकुशिमा पुढे टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. एवढी मोठी सोय कोणत्याही प्रयोगशाळेबाहेर, दोन माणसांनी घरात जुळवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रेल येणाऱ्या कोणाशीही ही पद्धत वापरून पाहता येईल.

टाडोमा नावाच्या पद्धतीत बधिरांध व्यक्ती बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि जबड्यावर व गळ्यावर बोटे ठेवून बोलणे हाताने ओळखते. ती शिकायला वर्षे लागतात आणि आता ती थोडेच लोक वापरतात. सांकेतिक भाषा जाणणाऱ्यांसाठी मात्र स्पर्शातून सांकेतिक भाषा, म्हणजे खुणा करणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवून त्या वाचणे, हीच नैसर्गिक वाट आहे. इथे एक तपशील चटकन निसटतो: सांकेतिक भाषेत प्रश्न, नकार आणि जोर हे बऱ्याच अंशी भुवया व चेहऱ्यावर असतात आणि ते हाताला लागत नाहीत. म्हणून ‘प्रश्न’, ‘नाही’, ‘फार’ अशा खुणा हातांनीच वेगळ्या द्याव्या लागतात.

यांच्या जोडीला पाठीवर किंवा दंडावर द्यायच्या लहान खुणा फार उपयोगी पडतात. मुख्य संभाषण हातावर चालू असताना दुसरा कोणी पाठीवर बोटांनी हसू रेखाटतो, टाळ्या वाजत असल्याचे बोटांच्या टपटपीने कळवतो, किंवा खांद्यावरून बाहेरच्या दिशेने रेघ ओढून ‘कोणीतरी बाहेर गेले’ असे सांगतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बधिरांध समुदायात २००७ च्या सुमारास आकाराला आलेल्या प्रोटॅक्टाइल चळवळीने हाच विचार पुढे नेला: ऐकणारा श्रोता जसा हुंकार देतो तसा स्पर्शाने हुंकार दिला गेला पाहिजे. बोलणाऱ्या बधिरांध व्यक्तीच्या गुडघ्यावर किंवा दंडावर आपण अधूनमधून हलकेच थोपटले नाही, तर तिला आपण ऐकत आहोत की मोबाइल पाहत आहोत हे कळायला मार्ग नसतो.

काय सांगावे आणि किती

सोबत करणारे नवखे लोक फक्त आवश्यक ते सांगतात: खुर्ची इथे, पाणी समोर, आता उठा. याने काम होते, माणूस मात्र एकटाच राहतो. खोलीत किती जण आहेत, कोणाशेजारी कोण बसले आहे, कोण आत्ता आले, कशावरून हशा पिकला, बाहेर पाऊस सुरू झाला, दोघांचे भांडण झाले आहे, हे ‘अनावश्यक’ तपशीलच दिसणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसाला फुकट मिळत असतात आणि त्यांवरच तो बोलायचे केव्हा, गप्प बसायचे केव्हा हे ठरवतो.

सांगताना आपले मत आणि आपण पाहिलेले यांत फरक ठेवावा. ‘ते चिडलेत’ यापेक्षा ‘त्यांनी कागद टेबलावर आपटला आणि मान फिरवली’ हे सांगणे योग्य, कारण अर्थ लावण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे. तिच्याविषयी तिच्यासमोर झालेले बोलणेही, कितीही अवघड वाटले तरी, तिला पोहोचवावे. दुकानात, बँकेत किंवा दवाखान्यात समोरचा माणूस हमखास सोबत्याकडे पाहून विचारतो, ‘यांना काय हवे आहे?’ तेव्हा उत्तर न देता प्रश्न जसाच्या तसा हातावर द्यावा आणि उत्तर त्या व्यक्तीकडूनच येऊ द्यावे. यात वेळ जातो. रांगेतले लोक चुळबुळ करतात. तरीही सोबत्याने परस्पर उत्तरे द्यायला लागणे हा सोयीचा मार्ग फार लवकर कायमचा होऊन बसतो, हे ध्यानात ठेवावे.

चालताना

बधिरांध व्यक्तीने सोबत्याचा कोपराच्या वरचा भाग धरावा आणि सोबत्याने अर्धे पाऊल पुढे चालावे. सोबत्याने तिला धरून पुढे ढकलू नये. आपला दंड तिच्या हाताला लावून द्यावा, धरायचे ते ती धरेल. वाट अरुंद झाली की सोबत्याने आपला हात पाठीमागे वळवावा, म्हणजे मागच्याला एकामागे एक व्हायचे आहे हे समजते. पायरी आली की आधी पूर्ण थांबावे, चढायचे की उतरायचे ते ठरवलेल्या खुणेने सांगावे, मगच पहिले पाऊल टाकावे आणि शेवटच्या पायरीनंतर पुन्हा क्षणभर थांबावे. बसताना खुर्चीच्या पाठीवर तिचा हात टेकवावा, बाकीचे तिला कळते. खांदे दाबून बसवू नये.

चालता चालता हातावर लांबलचक बोलू नये. ज्या हाताने सोबत्याला धरले आहे त्याच हाताने ती ऐकते, तेव्हा बोलायचे असेल तर बाजूला थांबावे. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात आंतरकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणाही बाधित असते, त्यामुळे अंधारात किंवा उंचसखल जमिनीवर डोलत चालणे हा नशेचा परिणाम नसतो. उन्हातून सावलीत शिरल्यावर डोळे सरावायला काही मिनिटे लागतात; दारातच थांबण्याची मुभा द्यावी. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील, तर ती काठी धरणारी व्यक्ती बधिरांध आहे असा अर्थ अनेक देशांत घेतला जातो, आणि वाहनचालकांना हे माहीत करून देणे हे वस्तीने करण्याजोगे सोपे काम आहे, कारण अशा व्यक्तीला हॉर्नचा उपयोग नसतो.

घराबाबत थोडक्यात: वस्तू जिथून उचलली तिथेच ठेवावी, दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत, पायऱ्यांच्या कडांना आणि कडीकोयंड्यांना ठळक विरोधी रंग द्यावा, दारावरच्या घंटेला कंप पावणारा यंत्रसंच जोडावा. स्मार्टफोनला ब्लूटूथने जोडता येणारा ब्रेल पट, ज्यावरचे टिपके मजकुरानुसार वरखाली होतात, ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीला संदेश, बातम्या आणि ईमेल स्वतः वाचण्याचे स्वातंत्र्य देतो. महाग असला तरी एखाद्या वस्तीने वर्गणी काढून काही द्यायचे असेल, तर माझ्या मते खुर्च्या-पंख्यांआधी हे द्यावे.

सभा, समारंभ, बैठका

बधिरांध व्यक्तीला निमंत्रण देणे आणि तिला सहभागी करून घेणे यांमध्ये बरेच अंतर आहे. कार्यक्रमपत्रिका दोन-तीन दिवस आधी तिला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी: ब्रेल, ईमेल, किंवा १८ पॉइंटच्या वर ठळक साध्या अक्षरात. बोलणाऱ्याने आधी नाव सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, आणि एकाचे संपल्यावर दुसऱ्याने सुरू करण्यापूर्वी थोडा विराम ठेवावा, कारण हातावरचे भाषांतर बोलण्याच्या मागे चालत असते. मतदान किंवा प्रश्नोत्तरे असतील, तर हात वर करण्याची घाई न करता दुभाष्याने ‘झाले’ अशी खूण करेपर्यंत अध्यक्षांनी थांबावे. हे एकदा अध्यक्षांच्या अंगवळणी पडले की सगळ्याच बैठका शिस्तीत होतात, हा एक आनुषंगिक फायदा.

हाताने बोलणे आणि हाताने ऐकणे दोन्ही दमवणारे असते. दुभाष्यांनी साधारण २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलावी आणि तासाभराने सर्वांसाठीच विश्रांती ठेवावी. विश्रांतीत बधिरांध व्यक्तीला एकटे बसवून बाकीचे चहाकडे गेले, तर कार्यक्रमाचा तिच्यासाठीचा अर्धा भाग तिथेच बुडतो. मधल्या वेळात एकेकाने येऊन, नाव सांगून, दोन वाक्ये बोलून जाण्याची व्यवस्था एखाद्याने हेरून करावी.

वयाने आलेले बधिरांधत्व

संख्येने सर्वांत मोठा गट वृद्धांचा आहे आणि तोच सर्वांत कमी ओळखला जातो, कारण मोतीबिंदू, काचबिंदू, पिवळ्या बिंदूचा ऱ्हास आणि बहिरेपणा हे ‘वय झाले’ या एका वाक्यात गुंडाळले जातात. ताटातला एका बाजूचा पदार्थ तसाच राहतो, नमस्काराला प्रतिसाद येत नाही, विचारले त्याहून भलतेच उत्तर येते, नेहमीच्या बैठकीला जाणे सुटते, कपड्यांवरचे डाग लक्षात येत नाहीत. यावरून घरचे लोक स्मृतिभ्रंशाचा निष्कर्ष काढतात. तो खराही असू शकतो, पण तो काढण्यापूर्वी डोळे आणि कान दोन्हींची तपासणी झाली पाहिजे. कानातला मळ आणि मोतीबिंदू यांवर उपाय आहेत. दृष्टी गेलेल्या काही वृद्धांना माणसे, फुले, नक्षी अशी दृश्ये दिसतात. शार्ल बोने सिंड्रोम म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार वेडाचे लक्षण नाही, आणि ‘मला हे दिसते’ असे सांगितल्यावर कोणी घाबरले नाही एवढ्यानेच त्या वृद्धाला मोठा दिलासा मिळतो.

शेजाऱ्यांना करता येण्याजोगी एक लहान पण नेमकी गोष्ट म्हणजे श्रवणयंत्राची देखभाल. ज्याला दिसत नाही त्याला नखाएवढा सेल बदलता येत नाही आणि छिद्रात साचलेला मळ दिसत नाही, म्हणून चांगले यंत्र खणात पडून राहते. आठवड्यातून एकदा ते पुसून, सेल तपासून, उजव्या यंत्रावर हाताला लागेल असा ठिपका चिकटवून दिला, तर ते पुन्हा कानात जाते.

लहान मुले

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाल्यास बाळाचे डोळे, कान आणि हृदय बाधित होऊ शकतात. लसीने हे टाळता येते, म्हणून मुलींच्या लसीकरणाची चौकशी हाही याच कामाचा भाग आहे. जन्मतः बधिरांध मुलाला ‘आता काय होणार’ हे कळण्याची सोय करणे ही पहिली पायरी आहे. अंघोळीपूर्वी टॉवेल, जेवणापूर्वी चमचा, बाहेर जाण्यापूर्वी तीच टोपी हातात द्यावी आणि काम झाले की ती वस्तू एका ठरावीक टोपलीत मुलाच्या हातूनच टाकून घ्यावी. डच तज्ज्ञ यान फान डाइक यांनी रुबेलामुळे बधिरांध झालेल्या मुलांबरोबर काम करताना अशा वस्तूंचा आणि हालचालींमधून साधायच्या संवादाचा विचार विकसित केला. काही शिकवताना आपले हात मुलाच्या हातांवर नव्हे, तर खाली ठेवावेत. कृती दाखवल्यावर थांबावे, आपल्याला अवघडल्यासारखे होईल इतका वेळ थांबावे, कारण उत्तर तयार व्हायला त्या मुलाला तितका वेळ लागतो. अ‍ॅन सुलिव्हन या शिक्षिका मार्च १८८७ मध्ये बधिरांध मुलगी हेलन केलर हिच्याकडे आल्या, त्यानंतर महिनाभर तिच्या हातावर बोटांच्या खुणांनी शब्द दिले जात होते आणि हेलनला त्यांचा अर्थ लागला नव्हता. तरी ते देणे थांबले नव्हते.

संकटाच्या वेळी

आग, पूर किंवा भूकंपात समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून खूण आधीच ठरलेली हवी. पाठीवर बोटाने मोठी फुली काढणे म्हणजे ‘संकट आहे, प्रश्न न विचारता आत्ता माझ्याबरोबर चला’, ही खूण अनेक देशांतील बधिरांध समुदायांत शिकवली जाते. ती त्या व्यक्तीला, तिच्या शेजाऱ्यांना आणि अग्निशमन दलाच्या जवानांना सारखीच माहीत असेल तरच उपयोगी आहे. कोणत्या घरात बधिरांध व्यक्ती राहते आणि रात्री ती कुठे झोपते, याची नोंद तिच्या संमतीने दोन-तीन जबाबदार शेजाऱ्यांकडे असावी. सुरक्षित जागी पोहोचल्यावर काय घडले ते सविस्तर सांगायला विसरू नये.

सोबत्यांची फळी

एकाच माणसावर, बहुधा आईवर, पत्नीवर किंवा मुलीवर, सगळा भार टाकला तर तो माणूस थकतो आणि बधिरांध व्यक्तीचे जगही त्या एका हातापुरते उरते. चार-पाच जणांनी वार वाटून घ्यावेत. एकाने बाजार, एकाने पत्रव्यवहार, एकाने नुसत्या गप्पा. ‘नुसत्या गप्पा’ हा वार रद्द होणारा पहिला वार असतो, म्हणून तो आधी लावावा. प्रशिक्षण शक्यतो बधिरांध व्यक्तीकडूनच घ्यावे. अ‍ॅन सुलिव्हन यांनी हातावरची वर्णमाला पर्किन्स या अंधशाळेत राहणाऱ्या लॉरा ब्रिजमन या बधिरांध स्त्रीकडून शिकून घेतली होती, आणि तेच ज्ञान पुढे हेलनपर्यंत गेले. नव्या सोबत्याला जुन्याने प्रत्यक्ष घेऊन जावे, त्याचा हात स्वतः त्या व्यक्तीच्या हाताखाली द्यावा, त्याचे नाव आणि ओळखीची खूण सांगावी, आणि पहिल्या दोन-तीन भेटींत शेजारी बसून, विचारल्याशिवाय मध्ये न बोलता, पाहावे.